शुगरचा डॉक्टर मोबाइलवर, पण पाय घरीच पाहायचे

पिंपळगाव राजाहून खामगावला डॉक्टरकडे जायचे म्हणजे मजुरीचा दिवस बुडतो. बाईमाणसाला सोबत कुणी लागते, म्हणजे दोघांचा दिवस. म्हणून पहिल्या महिन्यात शुगरची गोळी नेमाने घेतली जाते, दुसऱ्या महिन्यात बरे वाटू लागते आणि तिसऱ्या महिन्यात गोळ्या संपल्या तरी कुणी आणत नाही. शुगर दुखत नाही, हीच तिची खोड. दुखेपर्यंत डोळे, मूत्रपिंड आणि पायांच्या नसांचे नुकसान होऊन गेलेले असते.

ही मधली पोकळी भरून काढायला मोबाइलवरचा डॉक्टर उपयोगी पडतो, असे आमचे मत आहे. केंद्र सरकारची ‘ई-संजीवनी’ ही सेवा मोफत आहे. 2019 साली ती आरोग्य केंद्रांमधून सुरू झाली आणि एप्रिल 2020 मध्ये, लॉकडाऊनच्या दिवसांत, थेट घरूनही वापरता येऊ लागली. घरून बोलायचे तर ॲपमध्ये मोबाइल नंबर टाकायचा, आलेला ओटीपी भरायचा, जुने रिपोर्ट जोडायचे आणि रांगेत थांबायचे. बोलणे झाले की औषधाची चिठ्ठी मोबाइलवरच येते. हे जमत नसेल तर उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी आपल्याला समोर बसवून मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांशी जोडून देतात. वयस्क माणसांसाठी ही दुसरी वाट आम्हाला जास्त सोयीची वाटते. कारण घरातला मोबाइल बहुधा मुलाच्या खिशात असतो आणि मुलगा पुण्यात किंवा मुंबईत. अम्मीच्या तपासणीचा ओटीपी तिकडे जातो!

डॉक्टर पडद्यावर असला तरी रक्त तपासणार आपणच. म्हणून एक साधी वही ठेवा. उपाशीपोटीची शुगर, जेवणानंतर दोन तासांची शुगर, ब्लड प्रेशर, वजन आणि चालू गोळ्यांची नावे तीत लिहा. गोळ्यांची पाकिटे हातात घेऊनच बोलायला बसा. ‘ती पांढरी गोळी’ एवढ्यावरून डॉक्टरला काही कळत नाही. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए1सी तपासणी लॅबमध्ये करून तिचा रिपोर्ट जोडा. गोळी चुकली असेल, शीरखुर्मा दोन वाट्या झाला असेल, तर तेही सांगावे. लपवले तर डॉक्टर डोस वाढवून बसतील.

रमजानचा प्रश्न आपल्या घरांत दरवर्षी येतो. आजाऱ्याला रोजातून सवलत कुरआननेच दिली आहे, तरी पुष्कळ बुजुर्ग ऐकत नाहीत. मग निदान रजबमध्येच, म्हणजे सहा ते आठ आठवडे आधी, डॉक्टरांशी बोलून घ्यावे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांची शुगर रोजात एकदम खाली येऊ शकते. सहरी आणि इफ्तारचा डोस डॉक्टरच ठरवतील. शेजाऱ्याचा डोस बघून आपला बदलू नये. बोट टोचून शुगर पाहिल्याने रोजा तुटत नाही, असेच बहुतेक उलेमा सांगतात. शुगर 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेली तर रोजा लगेच सोडावा, असा वैद्यकीय सल्ला आहे. घाम सुटला, हात थरथरले, बोलणे अडखळले तर मगरिबची वाट पाहू नका, आधी साखर किंवा शरबत द्या. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही न घालता 108 ला फोन करा. अशा वेळी ॲपच्या रांगेत बसण्यात अर्थ नाही.

डोळ्याचा पडदा मात्र साध्या व्हिडिओ कॉलवर दिसत नाही. तमिळनाडूतल्या चुनमपेट भागात 42 गावांसाठी एक गाडी फिरवली गेली. तिच्यात डोळ्यांच्या पडद्याचे फोटो काढून उपग्रहामार्फत चेन्नईच्या तज्ज्ञांकडे पाठवत. आपल्याकडे अशी गाडी दारात येईपर्यंत वर्षातून एकदा डोळे दाखवायला खामगाव किंवा अकोला गाठावेच लागेल.

पायांचे काम तर घरातच होते. वुजूसाठी पाय दिवसातून पाच वेळा धुतले जातात. तेव्हाच बोटांच्या बेचक्यांत पाहा, तिथे ओल राहू देऊ नका. तळवा दिसत नसेल तर आरसा धरा, नाहीतर नातवाला बघायला सांगा. हिवाळ्यात गरम पाणी आधी कोपराने पाहा. बधिर झालेल्या पायाला चटका कळत नाही. फोड, भेग किंवा काळा डाग दिसला तर फोटो पाठवून थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.