सारखी भाकरी, वेगळे वजन

खताची एकच मात्रा दोन जमिनींत सारखी लागू पडत नाही. अन्नाचेही तसेच आहे. बैठे काम करणाऱ्याची निम्म्याहून अधिक ऊर्जा श्वसन, रक्ताभिसरण आदी क्रियांवर खर्च होते. स्नायू कमी असल्यास हा खर्च घटतो व उरलेली ऊर्जा चरबीरूपाने साठते.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा गावांत अभ्यास केला. तेथील नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथे ३.५ किलो आढळले. आपल्या बाळांत स्नायू कमी, चरबी मात्र त्या मानाने टिकून होती.

म्हणून पुरुषोत्तमनगर परिसरातील ऊस बागायतदारांनी ट्रॅक्टर-मोटारसायकलमुळे कष्ट घटल्यास ताटातील भात, साखर, तेलही घटवावे. बांधावर पायी जावे. गरोदर मातेस डाळी, दूध, पालेभाज्या नियमित द्याव्यात.