आधी बाहेरची ताटं

"आई, या वर्षी नाताळ करायला नको."

सून हे म्हणाली तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. २०२०च्या डिसेंबरचा पहिला आठवडा होता. मुलाचा पगार मे महिन्यापासून निम्म्यावर आला होता आणि घराचा हप्ता मात्र पुरताच्या पुरता भरावा लागत होता. सुनेच्या घरगुती शिकवण्या बंद पडल्या होत्या. कुणी उपाशी नव्हतं, खोटं कशाला बोलू? पण महिन्याची वीस तारीख उलटली की घरातलं बोलणं कमी व्हायचं.

तिने वहीच्या पानावर यादी करून आणली होती. सगळ्यांना नवे कपडे, तयार फराळ पाच किलो, बेकरीतले प्लम केकचे दहा बॉक्स, मटण, दिव्यांच्या माळा, नातवाला खेळणं. बेरीज एकवीस हजारांच्या वर गेली होती. मग एकेक ओळ खोडत ती खाली आली होती. सगळ्यात आधी खोडले होते केकचे दहा बॉक्स, म्हणजे शेजारी द्यायचे ते.

"अगं, हे कशाला खोडलंस?" मी विचारलं.

"मग काय खोडू? मुलाचे कपडे? दिवाळीला तरी कुणी पाठवलंय आपल्याकडे काही?"

तिचंही चूक नव्हतं. त्या दिवाळीत एकाही घरातून ताट आलं नव्हतं. करोनाची भीती, असं आम्ही धरून चाललो होतो. आणि खरं सांगायचं तर ही एवढी लांबलचक यादी करायला तिला मीच शिकवलं होतं. नव्वदच्या दशकात आमच्या घरात दोन पगार यायला लागले, तशी मी घरी तळण काढायचं सोडलं. ताटाच्या जागी बॉक्स आला. कुणाकडून काय आलं आणि आपण काय दिलं, हे मनात मोजायचीही सवय लागली.

त्या दुपारी मी सुनेला १९७२चा नाताळ सांगितला. तो मी आजवर कुणाला नीटसा सांगितलेला नव्हता, कारण त्यात माझीच थोडी लाज आहे.

माझं माहेर नगर जिल्ह्यातलं. वडील एका खेड्यात मिशनच्या शाळेत मास्तर होते. नगर भागात अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासूनचं, त्यामुळे आमच्यासारखी ख्रिस्ती घरं तिथे पिढ्यान् पिढ्या आहेत. धर्म बदलला तरी चूल काही बदलली नाही. आमच्या नाताळाचा फराळ म्हणजे करंज्या, चकल्या, शंकरपाळ्या, बेसनाचे लाडू. दिवाळीत गल्लीतून आमच्याकडे ताटं यायची, नाताळात आमच्याकडून जायची. वर क्रोशाचा रुमाल झाकलेला. भर पडायची ती नानकटाईची. आई पीठ, तूप, साखर घेऊन तालुक्याच्या बेकरीत जायची आणि आपला नंबर येईपर्यंत भट्टीजवळ बसून राहायची. घरी येताना पत्र्याचा डबा गरम असायचा.

बाहत्तर साली पावसाने दगा दिला. विहिरी आटल्या. अर्धं गाव खडी फोडायला आणि पाझर तलावाच्या कामावर जात होतं. कामावर सुकडी मिळायची, आणि रेशनवर अमेरिकेतून आलेला लाल मिलो. त्या मिलोची भाकरी थापताना चिरायची, चवीला तर विचारूच नका. वडिलांचा पगार होता म्हणून आमचं इतरांपेक्षा बरं, एवढंच.

त्या दिवाळीत शेजारच्या काकूंनी पितळी ताटातून गूळ-शेंगदाण्याचे पाच लाडू पाठवले. तेवढेच. शेजारचं ताट रिकामं परत करायचं नाही, ही आपल्याकडची रीत सगळ्यांनाच माहीत आहे. आईने ते ताट चिंचेने घासून फळीवर ठेवलं. भरायला घरात काही नव्हतं, म्हणून दीड महिना ते तिथेच राहिलं. येता-जाता आई त्याच्याकडे बघायची.

नाताळ जवळ आला तेव्हा वडील म्हणाले, "या वर्षी काही केलं नाही तरी कुणी नावं ठेवणार नाही."

आई म्हणाली, "नावं ठेवायचं सोडा. त्यांचं ताट आपल्याकडे पडलंय."

तिने मिलोच्या पिठात थोडी कणीक घातली, गुळाच्या पाण्यात पीठ भिजवलं आणि तव्यावर तेलाचं बोट फिरवून लहान लहान दशम्या केल्या. पाच घरांची पाच ताटं मांडली, प्रत्येकात दोन-दोन. काकूंच्या ताटात तीन. आम्ही तीन भावंडं टक लावून बघत होतो. ताटं भरून झाल्यावर एक दशमी उरली. तिचे तीन तुकडे झाले.

मी नऊ वर्षांची होते. मी भोकाड पसरलं. "आपल्या सणाला आपल्यालाच कमी का?"

"आपला सण आहे म्हणून," आई म्हणाली, आणि ताटं पोचवायला मलाच पाठवलं. मी रागारागाने गेले. एका ताटातली अर्धी दशमी वाटेत खाऊनही टाकली. कुणाच्या ते आजही सांगणार नाही.

सून हसली. पण दुसऱ्या दिवशी तिनेच यादी पुन्हा लिहायला घेतली. या खेपेला पहिल्या ओळीत लिहिलं, 'ताटं – १०'. आमच्या मजल्यावरची आणि वरची-खालची मिळून आठ घरं, एक वॉचमनकाकांचं, एक कामवाल्या मावशींचं. त्यानंतर उरेल त्यात घरचा सण.

मैत्रिणींनो, आम्ही काय केलं ते सविस्तर सांगते, कारण नुसत्या तत्त्वज्ञानाने डबा भरत नाही.

शंकरपाळ्या कणकेच्या आणि गुळाच्या केल्या. एरवी आम्ही वाटीला वाटी दूध, साखर, तूप घेतो. या वेळी एक वाटी पाणीमिश्रित दूध, एक वाटी चिरलेला गूळ आणि अर्धीच वाटी तेल कडकडीत करून घातलं. त्यात मावेल तेवढी कणीक, चिमूटभर मीठ. गुळाच्या शंकरपाळ्या पटकन लाल होतात, तेव्हा आच मंदच हवी. मोठ्या आचेवर तळल्या तर बाहेरून काळ्या आणि आतून मऊ राहतात.

नानकटाईला एक वाटी मैदा, अर्धी वाटी कणीक, अर्धी वाटी बेसन, एक वाटी पिठीसाखर आणि पाऊण वाटी घट्ट तूप. तूप-साखर हलकी होईपर्यंत फेसायची, मग पिठं, वेलची आणि चिमूटभर सोडा. घरात ओव्हन नव्हता. जुन्या कुकरमध्ये दीड वाटी मीठ पसरलं, त्यावर जाळी, झाकणाची रबरी रिंग आणि शिट्टी काढून ठेवलेली, पाणी अजिबात नाही. दहा मिनिटं तापवून मग ताटली आत. पहिली खेप खालून करपली. ती आम्ही चहात बुडवून संपवली. दुसऱ्या खेपेपासून ताटलीखाली आणखी एक ताटली ठेवली आणि गॅस अगदी बारीक केला, मग जमलं.

केक रव्याचा. दोन वाट्या बारीक रवा, एक वाटी दही, एक वाटी साखर, अर्धी वाटी तेल, लागेल तसं दूध. अर्धा तास भिजू द्यायचं, मग शेवटी एक चमचा बेकिंग पावडर आणि पाव चमचा सोडा. सुकामेवा महाग, म्हणून मूठभर खजूर चिरून संत्र्याच्या रसात भिजवले. डिसेंबरात नागपुरी संत्री बाजारात असतातच. त्यांच्या साली फेकल्या नाहीत. दोनदा पाणी बदलून उकळल्या, आतला पांढरा भाग चमच्याने खरवडला आणि बारीक तुकडे करून तेवढ्याच साखरेत पाक आटेपर्यंत शिजवले. कच्च्या पपईच्या फोडींची टूटीफ्रूटीही तशीच, रंगाला बिटाचा रस. त्याच कुकरमध्ये मंद आचेवर पाऊण तासात केक झाला. असे तीन केले.

चांदणी विकत आणली नाही. मुलाने कळकाच्या कामट्या सोलल्या, पतंगाचा कागद मैद्याच्या खळीने चिकटवला, आत घरातलाच बल्ब. नातवाने दहा दिवस आधी करवंट्यांमध्ये गहू पेरले होते, ते वीतभर वाढले आणि गव्हाणीच्या देखाव्याला हिरवळ झाली. कपडे नवे फक्त त्याला. सुनेने लग्नातली साडी नेसली, मी माझी पन्नाशीची. मटणाऐवजी एक किलो कोंबडीत चार बटाटे, आणि सोबत सोलाण्याची आमटी. ओले हरभरे त्या दिवसांत स्वस्त असतात, आणि नगरच्या माणसाला तसंही त्यापुढे काही सुचत नाही. सगळा सण पाच हजारांच्या आत बसला.

पण खरी अडचण खर्चाची नव्हतीच. ती चोवीस तारखेला संध्याकाळी कळली. ताटं भरून तयार होती. प्रत्येकात चार नानकटाया, मूठभर शंकरपाळ्या, केकचे दोन तुकडे. सून ती घेऊन दारातच थांबली.

"आई, आजवर बॉक्स दिलेत. आता स्टीलच्या ताटलीतून शंकरपाळ्या? लोकांना कळेल ना पगार कमी झालाय ते."

यावर माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. मलाही तेच वाटत होतं, फक्त मी बोलले नव्हते. शेवटी म्हटलं, "कळू दे. चल, मी येते बरोबर." तोंडाला मास्क बांधून सासू-सून दोघी निघालो. त्या दिवसांत रात्री अकरानंतर संचारबंदी होती, म्हणून लवकरच उरकायचं होतं.

वरच्या मजल्यावरच्या ताईंनी दार उघडलं. ताटलीवरचा रुमाल उचलून बघितला आणि त्या गप्पच झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "आमच्या ह्यांची नोकरी ऑगस्टमध्येच गेली. दिवाळीत फराळ केला तो चिवडा आणि लाडू, दोनच. एवढंसं काय पाठवायचं, म्हणून कुणाकडेच पाठवलं नाही."

म्हणजे एकाच जिन्यात दोन घरं एकमेकींपासून एकच गोष्ट लपवत होती. आम्ही म्हणत होतो, त्यांनी पाठवलं नाही. त्या म्हणत होत्या, पाठवण्याजोगं नाही. जिना उतरताना सून म्हणाली, "आपण पाठवलं नसतं तर त्यांनी काय समजून घेतलं असतं?" मला बाहत्तर सालचे ते पाच लाडू आठवले. त्या काकूंना किती जड गेले असतील, ते मला तेव्हा कळलं.

वरच्या ताईंची ताटली संक्रांतीला परत आली. तिळगूळ घेऊन, अर्थातच.

आता एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहिली पाहिजे. साधेपणाचं कौतुक करताना तो कुणाच्या कमरेवर उभा आहे, हे आपण विसरतो. बाहत्तर साली पीठ मळणं, थापणं, भाजणं सगळं एकट्या आईचं होतं. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' वाचताना मला हसू येतं तसंच दडपणही येतं. हाती आलेला पैसा वाटून टाकणारे टिळक मोठेच, पण उद्याच्या जेवणाची काळजी लक्ष्मीबाईंना. विकतचं बंद करून घरी करायचं म्हणजे पैसे वाचतात, पण श्रम वाढतात, आणि ते कुणाच्या हिशेबाच्या वहीत दिसत नाहीत. २०२० मध्ये मुलगा घरूनच काम करत होता, म्हणून शंकरपाळ्या त्याने लाटल्या आणि नातवाने कातण्याने कापल्या. वेड्यावाकड्या झाल्या. पण मी आणि सून रात्री दहाला झोपू शकलो. हे झालं नसतं, तर मीच तिला म्हटलं असतं, 'दे सोडून, बिस्किटाचे पुडे पाठवू.'

पुढे मुलाचा पगार पूर्ववत झाला. मटण परत आलं, मी ते कधी नाकारणार नाही. आमच्या देवाचा जन्म गोठ्यात झाला हे खरं, पण वर्षातून एकदा चांगलं जेवायला त्याची हरकत असेल असं मला वाटत नाही. केकचे बॉक्स मात्र परत आले नाहीत. तयार फराळ, दिव्यांच्या नव्या माळा, सगळ्यांचे नवे कपडे हेही यादीतून गेले ते गेलेच. त्यांची आठवण कुणी काढली नाही, यावरून ते कुणासाठी होते ते कळलं.

सून आता डिसेंबर लागला की स्वतःच वही काढते. पहिल्या ओळीतला आकडा दरवर्षी थोडा बदलतो. कुणी घर सोडून जातं, कुणी नवं राहायला येतं. गेल्या वेळी तळमजल्यावर दोन मुली भाड्याने राहायला आल्या होत्या, नोकरीसाठी विदर्भातून आलेल्या. त्यांना कशाला, त्या कुठे काही देणार आहेत, असं माझ्याच तोंडून निघून गेलं.

सुनेने माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता दहाचे अकरा केले.