न थकणारा जोडीदार

निजामाच्या राज्यातले अली आणि गुलाब हे दोन धिप्पाड पहिलवान दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात येऊन आव्हान देतात आणि ते स्वीकारायला कोणीच पुढे होत नाही. पुढे होतो तो बाळंभटदादा देवधर, विशीच्या आतबाहेरचा ब्राह्मण पोरगा. आख्यायिका सांगते की तयारीसाठी मुदत मागून तो वणीच्या सप्तशृंगीवर गेला, तिथे मारुतीने त्याला लाकडी खांबावर डाव शिकवले आणि परत येऊन त्याने अलीला चीत केलं. गुलाबने लढायलाच नकार दिला.

दृष्टांत बाजूला ठेवला तरी मती गुंग करणारी गोष्ट उरतेच. कुस्तीचा सराव करायचा तर जोडीदार लागतो. तो दमतो, त्याला दुखापत होते. दादांनी त्याच्या जागी खांब उभा केला, मल्लखांब! मल्लस्तंभाचा उल्लेख बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त आहे, म्हणजे कल्पना जुनीच, पण तिला शिस्तबद्ध विद्येचं रूप दादांनी दिलं, असं मानतात.

सागवानी किंवा शिसवी खांब खाली जाड, वर निमुळता. त्याला अंग आहे, मान आहे, वर बोंड आहे. पहिलवानाच्या मानेवर बसावी तशीच पकड इथे बसवायची. आता साधी अढी बघा. दोन्ही हातांनी खांब धरून मुलगा उडी घेतो, डोकं खाली, पाय वर, आणि क्षणात मांड्यांची मिठी खांबाला पडते. सगळा भार त्या मिठीवर! खांबाला एरंडेल चोळलेलं असतं. ते नसेल तर कातडी सोलवटते, जास्त झालं तर माणूस घसरतो. मला तर या एवढ्याशा तेलातच अर्धी विद्या दिसते.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. बाजीराव ब्रह्मावर्ताला गेले, तिथे दादाही होते; नानासाहेब, तात्या टोपे आणि लहानगी मनू, म्हणजे पुढची झाशीची राणी, तिथेच मल्लखांब शिकल्याचं परंपरा सांगते. पुढे शिष्यांनी ही विद्या काशीपर्यंत नेली. खांबाच्या जोडीला टांगता वेत आला, मग वेताच्या जागी सुती दोर आला आणि त्या दोरावर मुली अशा काही फिरू लागल्या की बघणाऱ्याचा श्वास अडकावा. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिनमध्ये ऑलिंपिकच्या वेळी प्रात्यक्षिकं केली. फेब्रुवारी २०१९ मध्ये दादरच्या शिवाजी पार्कवर पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि परदेशांतली मुलं तिथे, दादांच्याच खांबावर, अढी घालत होती.