कोल्हापुरीचे छायाचित्र नेमके किती हातांतून फिरले?

कोल्हापूर - जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान शहरात 'प्राडा' या कंपनीच्या फॅशन शोमध्ये थेट कोल्हापुरीसारख्या दिसणाऱ्या चपला झळकल्या आणि त्यांची छायाचित्रे पाहता पाहता देशभरातील मोबाइलवर पोचली. कंपनीने त्यांचा उल्लेख 'चामडी सँडल' एवढाच केला होता. कोल्हापूरचे नाव कोठेच नव्हते. त्यावर समाजमाध्यमांतून टीकेची अशी झोड उठली, की काही दिवसांतच कंपनीने महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सला पत्र पाठवून या चपलांमागील प्रेरणा भारतीय हस्तकलेची असल्याचे मान्य केले. जुलैमध्ये कंपनीचे पथक कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटले. डिसेंबरमध्ये महाराष्ट्राचे 'लिडकॉम' आणि कर्नाटकाचे 'लिडकर' या चर्मोद्योग महामंडळांशी करारही झाला.

ही सारी चक्रे मुख्यतः 'शेअर'मुळे फिरली. मात्र ती छायाचित्रे एकूण किती वेळा शेअर झाली, असे कोणी विचारले, तर त्याचे नेमके उत्तर देता येणार नाही. तसे का, हे समजून घेण्यासारखे आहे. भवानी मंडपाजवळच्या चप्पल लाइनमधील दुकानदार असो वा घरी चपला शिवणारा कारागीर, आपल्या मालाची छायाचित्रे फेसबुक, इन्स्टाग्रामवर टाकणारे आता कमी नाहीत. त्यातले काही जण जाहिरातीसाठी पदरचे पैसेही मोजतात. ते सत्कारणी लागतात की नाही, हे कळायचे तर पोस्ट पुढे किती जाते, हे कळायला हवे.

दिसणारा आकडा

सोपा भाग आधी. फेसबुकवर पोस्टखाली शेअरचा आकडा असतो. त्यावर बोट ठेवले, की कोणी शेअर केले याची यादी उघडते. परंतु ज्यांनी आपली भिंत खासगी ठेवली आहे, त्यांची नावे त्यात दिसत नाहीत. त्यामुळे आकडा मोठा आणि यादी तोकडी, असा प्रकार नेहमी घडतो. इन्स्टाग्रामवर साधे खाते 'प्रोफेशनल' करून घेतले, तर पोस्ट किती वेळा पाठविली गेली हे समजते. कोणी कोणाला पाठविली, ते मात्र सांगितले जात नाही, आणि ते योग्यच आहे. यूट्यूबच्या 'स्टुडिओ'मध्ये आणखी एक उपयुक्त तक्ता सापडतो. प्रेक्षकाने शेअरचे बटण दाबून चित्रफीत व्हॉट्सॲपवर धाडली की अन्यत्र, हे त्यात वेगवेगळे पाहता येते.

'एक्स'वर (पूर्वीचे ट्विटर) नुसते पुढे पाठविणे आणि स्वतःची टिप्पणी जोडून पाठविणे, असे दोन आकडे असतात. हा भेद महत्त्वाचा आहे. शेअर म्हणजे पसंती नव्हे. मिलानच्या त्या चपला भराभर फिरल्या, त्या कौतुकापोटी नव्हे, तर संतापापोटी. 'व्ह्यूज'चा आकडा तर याहून फसवा. पोस्ट डोळ्यांसमोरून सरकली, एवढेच तो सांगतो. डिसेंबर २०२२ पासून 'एक्स'ने तो सर्वांना दिसेल असा ठेवला, २०२४ मध्ये इन्स्टाग्रामनेही त्यालाच मुख्य स्थान दिले. आकडा मोठा असल्याने मनाला बरे वाटते, हे त्याच्या लोकप्रियतेचे खरे कारण असावे.

व्हॉट्सॲपची अंधारी वाट

खरी अडचण पुढेच आहे. आपल्याकडे छायाचित्र फिरते ते प्रामुख्याने व्हॉट्सॲपवर. तेथील संदेश पाठविणारा आणि घेणारा यांनाच वाचता येतील असे कुलूपबंद असतात. तुम्ही पाठविलेला संदेश पोचला, वाचला गेला, इतके कळते. तो पुढे कोठे गेला, ते कळत नाही. मजकूर उतरवून किंवा 'स्क्रीनशॉट' काढून पाठविला, तर मूळ पोस्टशी त्याचा संबंधच तुटतो आणि मोजणी पुन्हा शून्यावर येते. बातमीदारांना याचा अनुभव नवा नाही. आपणच लिहिलेली बातमी, नाव छाटून, 'जरूर वाचा' अशा शिफारशीसह आपल्याच मोबाइलवर परत येते!

दुहेरी बाणाचे चिन्ह आणि 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' ही खूण पाहून बरेच जण समजतात, की संदेश हजारो लोकांकडे गेला. तसे नाही. तो मूळ पाठविणाऱ्यापासून किमान पाच टप्पे दूर आला आहे, एवढाच तिचा अर्थ. म्हणजे ती संदेशाने कापलेले अंतर मोजते, माणसे नव्हे. एखाद्याने स्वतःचे छायाचित्र प्रत्येकी १,०२४ सदस्यांच्या पाच ग्रुपवर टाकले, तर ते पाच हजारांवर लोकांपर्यंत जाऊ शकते आणि तरीही त्यावर ती खूण उमटणार नाही.

हे निर्बंध आले, त्याला महाराष्ट्रातील एक भीषण घटनाही कारणीभूत होती. मुले पळविणाऱ्या टोळीच्या अफवेवरून १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे जमावाने पाच जणांची हत्या केली. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठविण्याची मर्यादा घातली. एप्रिल २०२० पासून अनेकदा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येतो. कोल्हापूरने या अदृश्य वाटेचा अनुभव जून २०२३ मध्ये घेतला. आक्षेपार्ह 'स्टेटस'वरून शहरात तणाव पसरला आणि प्रशासनाला इंटरनेट सेवाच काही काळ बंद ठेवावी लागली. स्टेटस कोणी पाहिले, याची यादी ते ठेवणाऱ्याला दिसू शकते. त्याचे 'स्क्रीनशॉट' कोठवर गेले, याची नाही.

मग दुकानदाराने काय करावे?

स्वतःचे संकेतस्थळ असेल, तर प्रत्येक ठिकाणी दुव्याच्या शेवटी वेगळी खूण जोडून तो द्यावा. या खुणांना 'यूटीएम' म्हणतात. 'अर्चिन' या कंपनीच्या नावाचा तो अवशेष आहे. गुगलने ती २००५ मध्ये विकत घेतली. अशी खूण नसेल, तर व्हॉट्सॲपवरून आलेला ग्राहक बहुधा 'थेट आलेला' म्हणून नोंदला जातो आणि श्रेय कोणालाच मिळत नाही. छायाचित्रे कोठे वापरली गेली, हे गुगल लेन्सने शोधता येते, मात्र फक्त उघड संकेतस्थळांवर. छायाचित्राच्या कोपऱ्यात, सहज कापता येणार नाही अशा जागी दुकानाचे नाव घालणे हा त्याहून खात्रीचा उपाय. मोजणी नाही झाली, तरी पत्ता तरी सोबत जातो.

संकेतस्थळ नसणाऱ्यांना एक वही पुरते. गिऱ्हाईक आले, की 'चप्पल कुठे पाहिली?' हा एक प्रश्न विचारावा आणि उत्तर लिहून ठेवावे. फेसबुकवर अमुक शेअर आणि वहीत त्या पोस्टचे नाव सांगून आलेले तीन जण, ही तुलना महिनाभर केली, की पुढची जाहिरात कोठे द्यायची ते ठरविता येते.

भौगोलिक मानांकन २०१९ मध्ये मिळालेल्या कोल्हापुरीसाठी 'लिडकॉम'ने आता क्यूआर कोडची व्यवस्था आणली आहे. तो स्कॅन केला, की जोड कोणत्या कारागिराने केला ते समजते. हाच कोड छायाचित्रातही स्पष्ट दिसेल असा ठेवला, तर दहाव्या हातात गेलेल्या 'फॉरवर्ड'मधूनही ग्राहकाला कारागिराचा माग काढता येईल.