कुत्रा चावल्यावर पथ्य कसलं?
दादरच्या चाळीत कुणाला कुत्रा चावला की पहिला प्रश्न येतो: मटण, अंडी, वांगं बंद ना? अजिबात नाही, नेहमीचं जेवा. दारू तेवढी टाळा. पोटातली १४ इंजेक्शनंही आता नाहीत; ती मेंढीच्या मेंदूपासून केलेल्या रेबीजच्या जुन्या लसीची होती, परळच्या हाफकिन संस्थेतही ती लस बनत असे. आता लस दंडात, साधारणपणे ०, ३, ७, १४, २८ व्या दिवशी. तारीख चुकवू नका. दंड दुखेल, कणकण येईल. चोळू नका, पॅरासिटामॉल चालतं. खरी काळजी जखमेची: लगेच वाहत्या नळाखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काहीही भरू नका. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनचं (तयार प्रतिपिंडांचं) इंजेक्शनही द्यावं लागतं. डॉक्टरांना आवर्जून विचारा.