व्हेंटिलेटर श्वास देतो, मग परिचारिका काय करते?

आजचा विषय अतिदक्षता विभागातला आहे: व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाची शुश्रूषा. आम्हा परिचारिकांना नातेवाईक हमखास विचारतात, "सिस्टर, आता सगळं मशीनच करणार ना?" या प्रश्नाचं उत्तर आज जरा सविस्तर बघू.

१९५२ साली डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात पोलिओची मोठी साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण येत होते आणि यंत्रं अगदी मोजकी होती. तेव्हा ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञांनी गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसवायची आणि रबरी पिशवी हाताने दाबून फुप्फुसांत हवा भरायची, असा मार्ग काढला. सुमारे १५०० वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून या पिशव्या दाबल्या. आजच्या आयसीयूचा उगम तिथला मानतात. पुढे पिशवी दाबायचं काम यंत्राकडे गेलं, पण रुग्णाकडे बघत बसायचं काम माणसाकडेच राहिलं.

हे काम नेमकं काय, ते समजण्यासाठी एक साधा प्रश्न विचारू. तोंडातून श्वासनलिकेत नळी घातली की माणसाचं काय काय जातं?

पहिलं, नाकाचं काम जातं. नाक हवा गरम आणि ओलसर करतं. नळीतून कोरडी हवा थेट आत गेली तर स्राव घट्ट होतो आणि नळी तुंबू शकते. म्हणून सर्किटला हवा ओलसर करणारं उपकरण किंवा फिल्टर लावलेला असतो, आणि त्याच्यावर आमचं लक्ष असतं.

दुसरं, खोकला जातो. साठलेला स्राव रुग्णाला नीट बाहेर टाकता येत नाही, तो आम्ही सक्शनने काढतो. मात्र घड्याळ लावून नव्हे, गरज असेल तेव्हाच. छातीत घरघर ऐकू आली, ऑक्सिजन खाली आला किंवा नळीत स्राव दिसला, तर. आधी काही क्षण पूर्ण ऑक्सिजन द्यायचा आणि एका वेळी १५ सेकंदांच्या आत आटपायचं, कारण सक्शन स्रावाबरोबर हवाही ओढून घेतं.

तिसरं, गिळणं जातं. तोंडातली लाळ खाली उतरते आणि नळीच्या कफवर साठते. इथे कफ म्हणजे खोकल्यातला कफ नव्हे, नळीभोवतीचा छोटा फुगा! त्याचा दाब पाण्याच्या २० ते ३० सेंटिमीटर एवढा ठेवतात. कमी पडला तर लाळ फुप्फुसात झिरपते, जास्त झाला तर श्वासनलिकेला इजा होते. लाळेबरोबर जंतू उतरले की न्यूमोनियाचा धोका. म्हणून खाटेची डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उचललेली असते आणि रुग्णाचे दात रोज ब्रशने घासले जातात. बघायला साधं काम, पण २०२२ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांमध्ये या ब्रशला आवश्यक उपायांत जागा आहे.

चौथं, आवाज जातो. नळी स्वरतंतूंच्या मधून जाते, त्यामुळे शब्द फुटत नाही. ऐकू मात्र येत असतं! दुखतंय, तहान लागलीय, भीती वाटतेय, हे सांगायचं कसं? म्हणून आम्ही हो-नाहीची खूण ठरवून घेतो, अक्षरांचा किंवा चित्रांचा तक्ता समोर धरतो, आणि कुठलंही काम करण्याआधी "आजी, आता कूस बदलतोय हं" असं सांगतो. रुग्ण धडपडायला लागला तर तो चिडलाय असं समजून चालत नाही. आधी ऑक्सिजन, नळी आणि वेदना बघायची.

अलार्मचंही तसंच. तो वाजला की आधी रुग्णाकडे बघायचं, मग पडद्याकडे. दाब वाढल्याचा अलार्म असेल तर नळी दुमडलीय का, रुग्ण ती चावतोय का, स्राव अडकलाय का? दाब कमी झाल्याचा असेल तर जोड कुठे सुटलाय का? कारण सापडेना आणि रुग्ण ढासळायला लागला, तर मशीन बाजूला काढायचं, ॲम्बू बॅगने श्वास द्यायचा आणि मदतीला हाक मारायची. म्हणजे काय, तर १९५२ ची ती पिशवी आजही खाटेशी तयार ठेवलेली असते.

"व्हेंटिलेटर लावला म्हणजे संपलं," असं आपल्याकडे पुष्कळ जण मानतात. वास्तविक आजार बरा होईपर्यंत वेळ मिळावा म्हणून हा आधार असतो. तो निघावा यासाठी, प्रकृती झेपत असेल तर, डॉक्टरांच्या सल्ल्याने झोपेचं औषध रोज थांबवून किंवा कमी करून रुग्ण स्वतः किती श्वास घेतो ते पाहतात. हातपाय हलवणं, कूस बदलणं हेही त्यासाठीच.

नातेवाइकांनाही यात जागा आहे. रुग्णाचा चष्मा आणि श्रवणयंत्र आणून द्या. खाटेपाशी उभं राहून त्याच्याविषयी बोलू नका, त्याच्याशी बोला. घरातल्या बारीकसारीक गोष्टी सांगा. आणि आम्हाला विचारा, "आज ते स्वतः किती श्वास घेत होते?" या प्रश्नाचं उत्तर द्यायला आम्हालाही आवडतं.

आता आपले प्रश्न घेऊ.