वस्तीच्या दाराशी मैदान

शहरातील झोपडपट्टीत वाढणाऱ्या मुलाच्या दृष्टीने सायंकाळी पाच ते सात ही वेळ निर्णायक असते. शाळा सुटलेली असते, आई-वडील कामावरून परतलेले नसतात आणि एका खोलीच्या घरात बसून राहणे शक्य नसते. हे दोन तास कोणाच्या संगतीत जातात, यावर त्याचे पुढील शिक्षण व वर्तन बऱ्याच अंशी अवलंबून असते. वस्तीपातळीवरील क्रीडा उपक्रमांचा विचार या दृष्टीने व्हावयास हवा. खेळणे हा बालकाचा हक्क असल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेने मान्य केले असून भारताने १९९२ मध्ये ही संहिता स्वीकारली आहे.

नागपूरचा अनुभव

अशा उपक्रमाचे महाराष्ट्रातील सुपरिचित उदाहरण नागपूरचे होय. २००१ मध्ये हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांना भर पावसात काही मुले फुटक्या बादलीने फुटबॉल खेळताना दिसली. त्यातूनच ‘झोपडपट्टी फुटबॉल’ ही चळवळ उभी राहिली. तिच्यातील खेळाडू पुढे बेघरांच्या जागतिक फुटबॉल स्पर्धेपर्यंत पोहोचले. मुलांपाशी साधने नव्हती, पण खेळण्याची ओढ होती. उणीव होती ती नियमितपणे त्यांच्यासाठी वेळ देणाऱ्या प्रौढ व्यक्तीची.

अहिल्यानगर शहरातील प्रयत्न

अहिल्यानगर, म्हणजेच २०२४ पर्यंतचे अहमदनगर, येथे १९८९ मध्ये स्थापन झालेल्या ‘स्नेहालय’ संस्थेने वस्त्यांमधील मुलांसाठी बालभवने चालविली आहेत. याच शहरातील संजयनगर झोपडपट्टीच्या २९८ कुटुंबांसाठी आखलेल्या पुनर्वसन प्रकल्पात इमारतींच्या मध्ये सामाईक अंगणे ठेवण्याचा विचार झाला, ही गोष्ट विशेष लक्षणीय आहे. घरांचा आराखडा कागदावर असतानाच मोकळी जागा राखली, तर ती टिकते. एकदा बांधकाम उभे राहिले, की तिच्यासाठी झगडावे लागते.

जागा किती लागते?

“आमच्याकडे मैदान नाही” ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. तथापि आकडे पाहिले, तर तिच्यातील अडचण बरीच कमी होते. आंतरराष्ट्रीय दर्जाचे फुटबॉल मैदान १०५ मीटर लांब व ६८ मीटर रुंद असते. पुरुषांच्या कबड्डीचे मैदान १३ बाय १० मीटर, तर महिलांचे १२ बाय ८ मीटर असते. म्हणजे एका फुटबॉल मैदानाच्या क्षेत्रात कबड्डीची सुमारे पंचावन्न मैदाने मावतील. कबड्डीत दोन्ही बाजूंचे मिळून चौदा खेळाडू खेळतात आणि साहित्य जवळजवळ काहीच लागत नाही. खो-खोला जागा अधिक लागते; परंतु दोन खांब आणि चुन्याच्या रेषा एवढ्यावर खेळ सुरू होतो. सपाट, खडे-काचा वेचलेली माती मात्र दोन्ही खेळांना आवश्यक आहे.

शाळेचे अंगण

नवी जागा मिळेपर्यंत शाळांची अंगणे उपयोगी पडू शकतात. शाळा सुटताच फाटकाला कुलूप लागते आणि तेच विद्यार्थी बाहेर रस्त्यावर खेळतात, ही विसंगती टाळता येण्याजोगी आहे. शाळेच्या वास्तूचा उपयोग शाळेच्या वेळेनंतर समाजासाठी व्हावा, असे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सुचविलेले आहे. किल्ली कोणाकडे, दिव्याचे बिल कोण भरणार आणि दुखापत झाल्यास जबाबदारी कोणाची, या तीन प्रश्नांची उत्तरे लेखी ठरली, तर मुख्याध्यापकांचा संकोच दूर होऊ शकेल.

मुलींचा सहभाग

मैदान असले तरी मुली आपोआप तेथे येत नाहीत. अंधार पडण्यापूर्वीची वेळ, जवळ स्वच्छतागृह आणि शक्य तेथे महिला प्रशिक्षक, एवढी व्यवस्था झाली, तर पालकांचा विश्वास बसतो. घरकाम आणि धाकट्या भावंडांची जबाबदारी लक्षात घेऊन त्यांची वेळ त्यांनाच विचारून ठरविणे श्रेयस्कर.

राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत झोपडपट्टी सुधारणा आणि क्रीडांगणे हे दोन्ही विषय नगरपालिकांच्या कार्यक्षेत्रात आहेत. शहरांलगतच्या ग्रामपंचायतींच्या हद्दीतही आज वस्त्या वेगाने वाढत आहेत. तेथे जागा शिल्लक असतानाच ती राखणे सोपे आहे. वर्षातून एकदा चषक देऊन होणाऱ्या स्पर्धेपेक्षा दररोज ठरलेल्या वेळी उघडणारे लहानसे मैदान आणि तेथे हजर असणारी ओळखीची व्यक्ती मुलांच्या अधिक उपयोगाची ठरते. खर्चही तुलनेने थोडा येतो. सातत्य मात्र भरपूर लागते.